एका पद्मिनीची उत्तरक्रिया

माणूस गेला की पुढे काय करायचे, हे आपल्याकडे ठरलेले आहे. दहावा, बारावा, तेरावा. कोणी यायचे, कोणत्या दिवशी गोड जेवायचे आणि कोणत्या दिवसापासून पुन्हा कामाला लागायचे, सारे नेमून दिलेले. हे नेमून देणाऱ्याला माणसाच्या मनाची चांगली पारख असली पाहिजे. त्याने शोकाला घरात यायला दार ठेवले आणि बाहेर जायलाही दार ठेवले. वस्तू गेली तर मात्र काय करावे, याबद्दल कोणी काही सांगून ठेवलेले नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो, गाडीला झेंडूची माळ घालतो. पण तीच गाडी कायमची बंद पडली, तर तिचे सुतक किती दिवस पाळायचे?

आमच्या घरी ते जवळजवळ अडीच वर्षे पाळले गेले. त्या अडीच वर्षांत माझे एक मत बनले. ते काही मित्रांना कठोर वाटेल, काही प्राध्यापकांना जुनाट वाटेल. पण ते स्वतःच्या अनुभवातून आलेले असल्यामुळे वार्षिकाच्या पानांवर मांडण्याचे धाडस करतो.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. फिकट निळी. माझे आजोबा, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, साताऱ्याच्या कोर्टात वकिली करीत. १९८५ च्या दसऱ्याला त्यांनी ती घरी आणली. माझ्या वयाच्या मित्रांना हे नाव केवळ हिंदी चित्रपटांतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे माहीत असेल, म्हणून थोडे सांगतो. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ‘फियाट ११००’ तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ आली, आणि १९७४ मध्ये तिच गाडी ‘पद्मिनी’ हे नाव लावून फिरू लागली. नाव चितोडच्या राणीचे. पण आमच्या घरात, आणि बहुतेक घरांत, ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत, आणि पुढे बाकासारखी सलग सीट, जिच्यावर दोघांच्या मध्ये तिसरा सहज मावत असे. त्या तिसऱ्या जागेवर माझे सारे बालपण गेले.

त्या काळी मोटारीची निवड म्हणजे फार डोकेदुखी नव्हती. उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, संपली यादी. कारखान्यांनी किती गाड्या काढायच्या हेही सरकारी परवान्यावर ठरत असे. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे चित्र पालटू लागले. कोर्टातल्या मित्रांनी आबांना सांगितलेही, “वकीलसाहेब, नंबर काढून घ्या, आता नव्या जमान्याची गाडी घ्या.” आबा म्हणाले, “नाव नोंदवलंय, आता माघार नाही.” लग्न ठरवल्यासारखे हे उत्तर होते. खरोखरच त्या पिढीचे गाडीशी नाते असेच असे: एकदाच व्हायचे, आणि झाले की निभवायचे.

आम्ही ते निभावले. हिवाळ्यात सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करावी लागे. ती ऐकली नाही तर गल्लीतली पोरे धक्का मारायला धावत. आत्याची पाठवणी तिच्यातून झाली. मला जन्मल्यावर घरी आणले ते तिच्यातून. माळ्यावर आबांची एक पत्र्याची ट्रंक होती. कोर्टाचे जुने कागद असतील असे मला लहानपणी वाटे. एकदा उघडली तर आत पॉइंट, कंडेन्सर, प्लग, फॅनबेल्ट, एक आख्खा कार्बोरेटर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हेडलाइटच्या काचा. कारखान्यातून पद्मिनी निघणे २००० सालाच्या सुमारास थांबले, तेव्हा आबांनी पुण्या-मुंबईहून हळूहळू ही पुंजी जमवली होती. दुष्काळाच्या आधी शहाणा शेतकरी कणगी भरतो, तशी.

आता तो प्रसंग सांगितलाच पाहिजे. मे २०२३. मला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण होऊन लायसन्स मिळाले होते. पुण्याहून साताऱ्याला येताना बाबांनी प्रथमच हमरस्त्यावर गाडी माझ्या हाती दिली. रेडिएटरचा होज थोडा पाझरत होता, म्हणून निघतानाच ते म्हणाले, “शिरवळला थांबू तेव्हा तू पाणी बघ. पुढे घाट आहे.” शिरवळला आम्ही थांबलो. बाबा फोनवर बोलत राहिले. मी चहा घेतला, वडा खाल्ला, गाडीसमोर उभे राहून एक फोटो काढला, आणि पाणी पाहायला विसरलो. बाबांनी विचारले, “बघितलंस ना?” मी “हो” म्हणालो. खोटे बोलावे असे मनात नव्हते. पाहिले असेल असेच मला वाटले.

खंबाटकीच्या अर्ध्या चढावर बोनेटमधून वाफ आली. घाबरून मी तशीच थोडी पुढे रेटली, आणि आतून एक असा आवाज आला की तो मी जन्मात विसरणार नाही. गाडीने अडतीस वर्षांत आम्हाला दगा दिला नव्हता. दगा दिला तो मी.

साताऱ्याच्या मिस्त्रींनी हेड उतरवले, बॅटरी लावून आत बराच वेळ पाहिले आणि हात पुसत बाबांना म्हणाले, “साहेब, हेड वाकलंय ते करून घेऊ. पण ब्लॉकला चीर गेलीया. आता हिच्यात जीव न्हाई.” दुसरे इंजिन मिळते का पाहू, म्हणून बाबांनी गाडी ओढून घरी आणली, अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी केली आणि वर ताडपत्री घातली. कोणी नव्या गाडीचा विषय काढला की ते म्हणत, “ती दारात असताना दुसरी कशी आणायची?”

यापुढे घरात जे झाले ते मी ‘प्रेम’ या शब्दाखाली अडीच वर्षे लपवत आलो. बाबा दर रविवारी ताडपत्री सारून पुढच्या सीटवर बसत आणि पेपर वाचत. उंदरांनी वायरी खाल्ल्या. मागच्या सीटवर मांजर व्याले. पावसाचे पाणी कोठून तरी आत गेले आणि तळाचा पत्रा गंजून त्यातून बोट जाऊ लागले. तरी मी बाबांच्याच बाजूने बोलत असे. भंगारातले इंजिन शोधायला त्यांच्याबरोबर हिंडत असे. त्याचे कारण आज स्पष्ट लिहितो. गाडी दुरुस्त झाली असती, तर माझी चूकही दुरुस्त झाली असती. मला गाडी नको होती. मला शिरवळचा तो अर्धा तास परत हवा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाली. तिची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी म्हणून धावू शकली नाही. वर्तमानपत्रांतून तिच्यावर लेख आले, आठवणी आल्या. मीही मोबाइलवर चार हळव्या ओळी लिहिल्या आणि बरीच वाहवा मिळवली. आज विचार करतो तेव्हा वाटते, त्या गाडीवर खरा हक्क कोणाचा होता? आमच्यासारख्या हळव्या ओळी लिहिणाऱ्यांचा, की तिच्यावर ज्यांची चूल पेटली त्या चालकांचा? त्यांनी तर एकामागून एक पद्मिनी सोडल्या, दुसऱ्या गाड्या घेतल्या आणि पुन्हा स्टँडवर रांगेत उभे राहिले. त्यांचे प्रेम कमी होते काय? मुळीच नाही. पण ज्याला गाडीची गरज असते, त्याला तिच्या मरणाचे सोहळे करीत बसणे परवडत नाही.

गरज म्हणजे काय, हे आम्हाला पुढच्या पावसाळ्यात कळले. जुलै २०२४ मधल्या एका रात्री दोन वाजता आजीच्या छातीत कळ आली. बाहेर धो धो पाऊस. बाबा सवयीने किल्ली घेऊन अंगणात धावले. मी त्यांच्या मागे होतो. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता आणि बाबा हातात किल्ली घेऊन तिच्यासमोर नुसते उभे होते. शेवटी मी शेजाऱ्यांचे दार वाजवले आणि त्यांच्या गाडीतून आजीला दवाखान्यात नेले. आजी बरी झाली. आज ती हे वाचून दाखवायला सांगेल. पण ती पंधरा मिनिटे आमच्या घरातल्या कोणीही विसरलेली नाहीत.

दवाखान्यातून परत आल्यावर आबा बोलले. गाडी त्यांची, वाट पाहिली त्यांनी, भाग जमवले त्यांनी. म्हणून त्यांना सर्वांत जास्त दुःख असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ते बाबांना म्हणाले, “मी गाडी कशासाठी घेतली होती? तुझी आई तुझ्या वेळी बैलगाडीतून दवाखान्यात गेली होती, म्हणून. ती परत तशी जाऊ नये, एवढ्यासाठी. काल ती गाडी अंगणात उभी होती, आणि तुझी आई शेजाऱ्यांच्या दारात उभी होती. हे मला चालणार नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तू. पाणी बघायचं विसरलास ते मला त्याच दिवशी कळलं होतं. वकिली केलीय मी. आता किती दिवस तिला साक्षीदार म्हणून उभी ठेवणार आहेस?”

मित्रहो, माझ्या लेखाचा सारा आशय आबांच्या या दोन वाक्यांत आला आहे. मी फक्त त्याचा विस्तार करतो.

आपण वस्तूवर प्रेम करतो म्हणजे नेमके कशावर करतो? तिच्या पत्र्यावर नाही. ती आपल्यासाठी जे करते त्यावर, आणि तिच्यासाठी आपण जे केले त्यावर. गाडीचे काम माणसांना नेणे. ते काम थांबले, की तिच्या जागी दुसरी आणणे हा जुनीचा अपमान नाही; तिने अडतीस वर्षे केलेले काम चालू ठेवणे आहे. उलट, तिला अंगणात कुजत ठेवणे आणि ते काम बंद पाडणे, हाच तिचा अपमान. आपण गणपतीला दीड दिवसाने, पाच दिवसांनी पाण्यात सोडतो. त्याच्यावर भक्ती नाही म्हणून नव्हे. मूर्ती घरात ठेवून धूळ खाऊ द्यायची नाही, म्हणून.

यावर आमच्या वर्गातला एक पक्ष टाळ्या वाजवील आणि म्हणेल, “मग आम्ही काय वेगळे म्हणतो? गाडी चार-पाच वर्षांत बदलावी. हप्ता फिटला की नवी घ्यावी.” या पक्षाशीही माझे भांडण आहे. जी गाडी चालते आहे ती केवळ शेजाऱ्याने नवी घेतली म्हणून काढून टाकणे, यात निरोप नाही, केवळ कंटाळा आहे. अशा घरांत गाडी कधी मरतच नाही, कारण ती कधी जगलेलीच नसते. तिच्याबरोबर ना कोणी घाटात थांबलेले असते, ना कोणी तिचा आवाज ओळखत असते. नवी गाडी तयार व्हायला लागणारे पोलाद, वीज, पाणी कोठून येते याचा विचारही या पक्षाला शिवत नाही. म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात असे: वस्तू शेवटपर्यंत टिकवावी, आणि शेवट झाल्यावर सोडावी. पहिला अर्धा भाग न पाळता दुसरा पाळणे ही उधळपट्टी. दुसरा न पाळता पहिला पाळणे हा हट्ट.

जुन्याच्या बाजूने बोलताना आपण काही गोष्टी झाकतो, त्याही उघड केल्या पाहिजेत. आमच्या पद्मिनीला सीटचे पट्टे नव्हते. ज्या मधल्या जागेवर माझे बालपण गेले, तेथून जोराचा ब्रेक लागला असता तर मी सरळ काचेवर गेलो असतो. तिचा धूर आजच्या कोणत्याही कसोटीला उतरला नसता. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना ‘भारत स्टेज सहा’ हे धुराचे नियम लागू आहेत, आणि आमची गाडी असे काही नियम असू शकतात हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते त्या काळची. ‘जुने ते सोने’ म्हणताना सोन्यातली ही कीड पाहायला हवी.

पण एका बाबतीत जुनी गाडी श्रेष्ठ होती, आणि तेथे मी हटणार नाही. तिचे बोनेट उघडले की आत काय चालले आहे ते दिसत असे. गावातला कोणताही मिस्त्री पान्हा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्याशी बोलू शके. माझ्या बाबांनी इतिहासात एम. ए. केले, पण प्लगमधले अंतर त्यांना नखाने कळे. आजची गाडी बिघडली की तिला संगणक लावावा लागतो, आणि तो संगणक काय म्हणाला हे आपल्याला विचारायची सोय नसते. २०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. आपण कला शाखेचे विद्यार्थी या विषयाकडे तांत्रिक म्हणून पाठ फिरवतो. पण स्वतःची वस्तू उघडून पाहण्याचा, समजून घेण्याचा हक्क हा माझ्या मते केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न नाही. जी वस्तू आपण कधी उघडूच शकत नाही, तिच्याशी नाते जडणार कसे? जुन्या गाडीकडून वारसा म्हणून काही घ्यायचे असेल, तर पत्रा नव्हे, हा आग्रह घ्यावा.

आजीच्या त्या रात्रीनंतरही निर्णय व्हायला वर्ष लागले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आमचे २०००, २००५ असे करीत करीत ऑक्टोबर २०२५ आले. न चालणारी गाडी घेऊन पुन्हा आर. टी. ओ. च्या दारात कसे जायचे? बाबांनी नूतनीकरणाऐवजी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज आणला. तो भरताना त्यांचा हात थांबला, तेव्हा आबांनी चष्मा लावून उरलेले रकाने स्वतः भरले.

खंडेनवमीला तिला शेवटची माळ घातली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नवी गाडी आली; लहानशी, पांढरी. एक रात्र ती बाहेर रस्त्यावर राहिली, कारण अंगण अजून जुनीचे होते. तिसऱ्या दिवशी ट्रक आला. चेसिसवरचा नंबर कापला गेला तेव्हा ठिणग्या उडाल्या आणि आजी घरात निघून गेली. माळ्यावरची ट्रंक मात्र भंगारात दिली नाही. वाईच्या एका गृहस्थांकडे चालू पद्मिनी आहे असे मिस्त्रींकडून कळले होते. ते तीच गाडी घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशी तो ओळखीचा आवाज आला तेव्हा बाबा जागचे उठले. त्या गृहस्थांनी कार्बोरेटर दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि पैशाचे विचारले. आबा म्हणाले, “पैसे नकोत. पाणी तेवढं बघत जा.” आणि माझ्याकडे न पाहता हसले. अडीच वर्षांत त्या विषयावर घरात कोणी प्रथमच हसले होते.

नवी गाडी चांगली आहे. आबा मागे पट्टा लावून बसतात आणि ती चालू झाली की नाही हे कळत नाही, अशी तक्रार करतात. आमचे तिच्यावर अजून प्रेम बसलेले नाही, आणि तशी घाईही नाही. जुनीची जागा भरून काढ, असे आम्ही तिला सांगितलेले नाही. आजीला वेळेवर पोचव, एवढेच सांगितले आहे. बाकीचे होईल तेव्हा होईल.

पुण्याहून येताना मी अजून शिरवळला थांबतो. आधी बोनेट उघडतो, कूलंटच्या बाटलीवरची खूण पाहतो, मग चहा घेतो. नव्या गाडीला रोज त्याची गरज नाही, असे पुस्तकात लिहिले आहे. गरज मला आहे.